चार तिळांची भाकरी

आमचे शेजारी निकम मास्तर यांना कुणी ‘राहता कुठं?’ विचारलं, तर सरळ पत्ता कधी मिळायचा नाही. “घाटापासनं दोन हाका, हळदीच्या पेठेपासनं एक विडी,” असं उत्तर. त्या भरवशावर त्यांच्या पाहुण्याला टांगेवाल्यानं अख्खी सांगली दाखवली. मास्तरांचं म्हणणं एकच, “जागा नगं, अंतर सांगावं. शास्त्र तसंच हाय.”

मास्तर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, पण कडेगावची बोली त्यांनी सोडली नव्हती. सगळा जीव स्फटिकांत. क्ष-किरणांच्या फोटोवरून आतले अणू कुठं बसलेत ते समजत नाही म्हणे. कोण कोणापासून किती लांब, एवढंच कळतं. त्यावरून जागा हुडकायच्या. लढाईमुळं परदेशी मासिकं बंद, मग डोकं खायचं कुणाचं? माझं.

बायकोही त्यांना तशीच मिळाली होती. दर भोगीला अनसूयावहिनी बाजरीच्या भाकरीच्या कडेला नखानं सारख्या अंतरावर आठ खुणा करत, त्यांतल्या चारांवर एकेक तीळ दाबत आणि भाकरी झाकून ठेवत. मग दर दोन तिळांमधलं अंतर किती खुणांचं ते सांगत, जवळच्या बाजूनं मोजून. तीळ कसे बसलेत ते ओळखल्याशिवाय जेवण नाही. भाकरी गोल फिरवलेली किंवा उलटी असली तरी माफ.

एका भोगीला वहिनी म्हणाल्या, “एक, एक, दोन, तीन, तीन, चार.”

मास्तरांनी पाटीवर मांडून पाहिलं, तर भाकऱ्या दोन निघाल्या. दोन्ही पार वेगळ्या, अंतरं मात्र तीच.

“ह्यातली कुठली, सांग की गं!”

“हरलो म्हणा, मंग दावते.”

हरतील ते मास्तर कसले! उपाशीच बाहेर पडले. वहिनींनी हसत हसत भाकरी गाईला घातली. पुढंही मास्तर हट्टानं ‘हरलो’ म्हणाले नाहीत, आणि आठवड्याच्या आत वहिनी तापानं गेल्या.

तेव्हापासून भोगीला मास्तर स्वतःच दोन्ही भाकऱ्या थापू लागले. त्यांतली वहिनींची कुठली, याचाच त्यांना घोर. एका वर्षी आमच्या हिला राहवलं नाही. एका भाकरीवर बोट ठेवून म्हणाली, “ही बघा वहिनींची. मी पाहिली होती.”

मास्तर हसले. “वैनी, त्या भोगीला तुमी साताऱ्याला म्हायेरी हुता.”

हिची मान खाली गेली. मास्तरांनी मात्र शांतपणे दोन्ही भाकऱ्या ताटात घेतल्या.

“आवं, वाईट कशाला वाटून घेता? ह्यातली एक तिची हाय, एवढं नक्की. म्हणून दोन्ही खातो.”

भाकऱ्या चांगल्याच करपल्या होत्या. मास्तरांनी ताटात एक तुकडा ठेवला नाही.