न झालेल्या भांडणांची मोजणी

शांततेसाठी झटणाऱ्या माणसाचा दरवर्षी सत्कार केल्याशिवाय शांतता टिकत नाही, हे भोरमध्ये सर्वमान्य आहे. सत्कार कुणाचा करायचा यावरून जी भांडणं होतात, ती समितीची अंतर्गत बाब समजावी.

भोर-वेल्हे शांतता सन्मान समितीचे अध्यक्ष नारायणराव हे निवृत्त मुख्याध्यापक. दोन्ही तालुक्यांतला हा सर्वांत मोठा शांतता पुरस्कार (दुसरा नाही). शाल, श्रीफळ आणि पितळी कबुतर. नारायणरावांना आपल्या निवडीचा अभिमान होता, आणि का नसावा? एका वर्षी त्यांनी शेताच्या बांधावरून भांडणारे दोन सख्खे भाऊ निवडले, कारण दोघांनी एकमेकांशी बोलणंच टाकलं होतं, त्यामुळे भांडण आपोआप मिटलं होतं. (कबुतर एकच आहे हे व्यासपीठावर कळल्यावर ते पुन्हा सुरू झालं. पण तोवर फोटो निघाले होते.)

यंदा जानेवारीच्या बैठकीत वकील सौदामिनीबाईंनी विषय काढला. "हवामान सांभाळणाऱ्या माणसाला शांतता पुरस्कार द्यावा का, यावर सगळ्या जगात काथ्याकूट चाललाय. मग भोरनं मागं का राहायचं?" भोरनं मागं का राहायचं, असं म्हटल्यावर विरोध करायची भोरमध्ये पद्धत नाही. त्यांनी नाव सुचवलं हनुमंताचं.

हनुमंत हिर्डोशीकडच्या एका वाडीतला. (वाडीचं नाव नको. वाडी अजून तिथंच आहे.) या वाडीच्या डोंगराला दरसाल होळीच्या आगेमागे वणवा लागतो. डोंगर जाळला की पावसात गवत जोमानं येतं, असं तिथल्या आज्या-पणज्यांचं मत, आणि त्यांना विचारायची आता सोय नाही. वणवा कोण लावतो, ते वाडीतल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक असतं. पण नाव घ्यायचं नाही, हा रिवाज. वनखात्याचा माणूस आला की सगळी वाडी एका सुरात सांगते, "बिडी पडली असंल कुनाचीतरी." वाडीत आता बिडी ओढणारं कुणी उरलेलं नाही, सगळे तंबाखूवर आलेत. तरी बिडी वेळेवर पडते, ती त्याच उतारावर पडते, आणि वाडीत पिढ्यान् पिढ्या तंटा म्हणून नाही.

अशा या आदर्श व्यवस्थेत हनुमंतानं गेल्या वर्षी बिब्बा घातला. भर ग्रामसभेत तो उभा राहिला आणि म्हणाला, "वनवा आमच्या कुंडलिकनं लावला. म्या डोळ्यानं बघितलं." कुंडलिक त्याचा सख्खा चुलतभाऊ. झालं! वाडीनं हनुमंताला लग्नकार्यात बोलावणं सोडलं, कुणी त्याच्या ओट्याला बसेना. वणवा लावणाऱ्याला मात्र काही झालं नाही, कारण त्यानं कुणाचं नाव घेतलं नव्हतं.

तर हा हनुमंत एक दिवस नारायणरावांच्या दारात येऊन उभा राहिला. नारायणरावांनी उमेदीची वर्षं त्याच वाडीच्या शाळेत काढली होती, त्यामुळे तो त्यांना गुर्जी म्हणे.

"गुर्जी, मला कबुतर नगं," तो म्हणाला. "पर तुमी मान दिला तर वाडी माज्यासंगं बोलंल. चार गडी डोंगरावर येतील. होळीच्या आत गवत कापून झऱ्याच्या वरल्या अंगाला मोकळा पट्टा काडाया पायजे, म्हंजी आग फुडं सरकत न्हाई. येकट्याचं काम न्हाई ते. अवंदा आग झऱ्यापातुर आली, तर सपलं बगा."

नारायणरावांना फार वाईट वाटलं. त्या झऱ्याचं पाणी तेही वर्षानुवर्षं प्यायले होते. त्यांनी हनुमंताला चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि विषय रीतसर समितीपुढे ठेवला.

समितीचे खजिनदार अमृतशेठ. त्यांचा पाण्याच्या टँकरचा व्यवसाय, पण समितीत ते केवळ समाजसेवा म्हणून येत. त्यांनी मूलभूत प्रश्न उपस्थित केला: हवामानाचा आणि शांततेचा संबंध काय?

सौदामिनीबाई म्हणाल्या, "सरळ आहे. डोंगर जळला की झरा आटतो, झरा आटला की पाण्यावरून भांडणं लागतात. म्हणजे डोंगर राखणारा माणूस भांडणं होऊ देत नाही."

"किती होऊ दिली न्हाईत?" अमृतशेठ म्हणाले. "आकडा सांगा. झालेली भांडणं पोलीस पाटील सांगतो. न झालेली कुणी मोजलीत?"

बिनतोड मुद्दा होता. नारायणरावांनी ताबडतोब न झालेल्या भांडणांच्या मोजणीसाठी उपसमिती नेमली. उपसमिती जीपनं झऱ्यावर गेली. तिथं बाळाबाई पाणी भरत होत्या. त्यांना पहिला प्रश्न विचारण्यात आला: मागील वर्षी आपले कोणाकोणाशी भांडण झाले नाही?

"कुनासंगंच न्हाई. पानी हाय की मायंदाळ," बाळाबाई म्हणाल्या.

दुसरा प्रश्न शास्त्रीय होता: झाले असते, तर कोणाशी झाले असते? बाळाबाईंनी हंडा खाली ठेवला, जरा विचार केला आणि भडाभडा नावं सांगितली, कारणांसकट. इतर बायकांनीही हातचं राखलं नाही. मोजणी चारशे सतरावर गेली. दुर्दैवानं कुणी कुणाचं नाव घेतलं ते जीप वळायच्या आत वाडीभर झालं, आणि न झालेल्यांपैकी नऊ भांडणं तिथल्या तिथं होऊन गेली. उपसमितीनं प्रामाणिकपणे ती वजा केली.

अहवालावर चर्चा झाली. अमृतशेठ म्हणाले, पाणी भरपूर आहे म्हणून भांडण नाही, यात हनुमंताचं कर्तृत्व कसलं? ते तर पाण्याचं. शिवाय सबंध वाडीत नोंदलेला तंटा एकच, आणि त्यात एका बाजूला खुद्द उमेदवार. सौदामिनीबाई संतापून म्हणाल्या, "अहो, त्यानं आग लावणाऱ्याचं नाव घेतलं!" "तेच म्हणतोय मी," अमृतशेठ म्हणाले. मतं समसमान पडली. राहिलं अध्यक्षांचं मत.

आता नारायणरावांचं मन हनुमंताकडे होतं, यात शंका नको. पण मन वेगळं आणि मत वेगळं. आजवरचे सगळे पुरस्कार त्यांनी एकमतानं दिले होते, आणि एका हनुमंतापायी ती परंपरा मोडायची म्हणजे शांतता समितीतच तंटा. त्यांनी निर्णय होळीनंतर ठेवला.

मधे हनुमंताचा फोन आला. "गुर्जी, गवत पार वाळलंय. निदान चार गडी तरी..."

"हनुमंता, विषय समितीपुढे आहे रे बाबा," नारायणराव म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. इतकं वाईट वाटलं.

होळीच्या आधी बिडी पडली. हनुमंत हिरवा टाहाळा घेऊन एकटाच आग झोडपत राहिला. खाली वाडी अंगणात उभी राहून बघत होती, कुंडलिकही बघत होता. काहींनी मोबाईलवर व्हिडिओ काढला, तो छान आला. झऱ्यावरचं रान सकाळपर्यंत काळं ठिक्कर पडलं. हनुमंताचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

वैशाखात झरा आटला. मग मात्र खरीखुरी, मोजता येतील अशी भांडणं सुरू झाली. कळश्यांनी डोकी फुटली, बाळाबाईंचा दात पडला. तेवढ्यात अमृतशेठांचा टँकर आला, प्रत्येकीला पाणी मिळालं आणि भांडणं थांबली. पोलीस पाटलानं तसा आकडा दिला. हवामानाचं काम शांतता पुरस्काराला सर्वथैव पात्र आहे, असा ठराव समितीनं पुढच्या बैठकीत केला आणि त्याच बैठकीत पहिला पुरस्कार एकमतानं अमृतशेठांना दिला. सौदामिनीबाई बैठकीला नव्हत्या, त्यामुळे एकमत सुलभ झालं.

समारंभ भोरमध्ये थाटात झाला. अध्यक्षीय भाषण संपत आलं, तसा शेवटच्या रांगेत हनुमंत उठला. हातांना पट्ट्या होत्या.

"येक इचारू का गुर्जी? डोंगराची पलीकडली बाजू अजून हिरवी हाय. फुडल्या साली तितं आग लागंल, तवा तुमच्यातलं कोन येनार वर?"

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. इतका हृदयस्पर्शी प्रश्न त्या व्यासपीठासमोर आजवर कुणी विचारला नव्हता. नारायणरावांनी डोळे पुसले. हनुमंत टाळ्या संपेपर्यंत उभा राहिला, उत्तराची वाट पाहिली आणि मग एसटी चुकेल म्हणून निघून गेला.

नारायणरावांना त्या दिवशी एक गोष्ट प्रकर्षानं जाणवली. ज्यांना मनापासून वाईट वाटतं, अशी माणसं समाजात असंख्य आहेत आणि त्यांची दखल कुणीच घेत नाही. म्हणून समितीनं पुढच्या वर्षीपासून उत्तेजनार्थ पुरस्कार ठेवला आहे. त्यासाठी डोंगर चढावा लागत नाही, कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. हनुमंताची हकीगत शेवटपर्यंत वाचून वाईट वाटलं असलं की झालं.

आपलं अभिनंदन. शाल घरपोच येईल.