वामनरावांच्या डोळ्यांचं सोवळं

वामनराव जोशांनी जानवं खुंटीला टांगलं, संध्या सोडली, बडनेऱ्याच्या स्टेशनावर कुणाच्याही हातची भजी खाल्ली. पण सोवळं काही सोडलं नाही. ते त्यांनी नेऊन डोळ्यांत ठेवलं.

त्या काळी आमच्या अमरावतीत डोळ्यात काच घालणारा माझ्या माहितीतला हा एकच माणूस. त्यांच्या बुबुळांना टोक आलेलं, चष्म्याने भागेना. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी नखाएवढी दोन भिंगं दिली आणि स्वच्छता राखा म्हणून बजावलं. भटजींच्या घरात वाढलेल्या माणसाला तेवढं पुरे. सकाळी साबणाने कोपरापर्यंत हात, मग उकळून गार केलेलं पाणी, मग मुंबईचं औषध. तेवढ्यात कुणाचं पाऊल वाजलं की आतून आवाज, "शिवू नका!" भिंगांची डबी देवघरात, बाळकृष्णाला खेटून. बाळकृष्णाची आंघोळ एखाद्या दिवशी राहून जायची, भिंगांची कधी नाही.

गावात डोळ्यांची साथ आली की विचारूच नका. शाळेत मास्तरांच्या खोलीत आम्ही शेजारी बसायचो, तर हे खुर्ची उचलून खिडकीशी जायचे. भाजी घेण्याआधी सुखदेव माळ्याला पापण्या ओढून डोळे दाखवायला लावायचे. एकदा तो वैतागून म्हणाला, "मास्तर, मी वांगे इकून राह्यलो, डोये नाही." अख्खी गल्ली हसली. मीही हसलो.

पण ते हसू फार टिकायचं नाही. त्यांच्या पत्नी, यमुनावहिनी, जन्मापासून मुक्या आणि बहिऱ्या. दोघांनी मिळून हातांची एक भाषा घडवली होती. दुपारी ओसरीवर चार हातांचं भांडण रंगायचं, आणि हरायचे वामनरावच. त्यांची नजर गेली तर वहिनींचं बोलणं समजणारं घरात कुणी उरत नव्हतं. आणि साथ वहिनींना लागली, तर त्यांचे कानसुद्धा डोळेच.

एका उन्हाळ्यात ते पुतणीच्या लग्नाला एकटेच अकोल्याला गेले. त्यांना लहानाचं मोठं करणारी आत्या तिथे लाल डोळ्यांनी बसली होती. निघताना तिने जवळ ओढून पदराने त्यांचं तोंड पुसलं. साऱ्या वऱ्हाडाला "शिवू नका" म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून तिच्यापुढे ते दोन शब्द निघाले नाहीत.

परत आले आणि त्यांचे डोळे आले. भिंगं डबीत गेली. बुबुळावर डाग पडला तर ती पुन्हा बसायची नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. वामनरावांनी ओसरीवर खाट टाकली आणि वहिनींना उंबऱ्याच्या आत ठेवलं. यांचे हात वहिनींना दिसत, वहिनींचे हात यांना दिसेनात. तळहातावर बोटाने खुणा करता आल्या असत्या, पण हे हात लावू देईनात. दोन्ही माणसं जिवंत असून त्या घरात सुतक पडलं होतं. मला तिकडे बघवत नसे.

शेवटी त्यांनी मलाच बोलावलं. मी अंगणात उभं राहायचं, वहिनींच्या खुणा बघायच्या आणि यांना सांगायच्या. इतक्या वर्षांच्या शेजाराने थोडंफार कळायचं. जेवणाचं विचारून राहिल्या, औषध टाकलं काय म्हणतात, असं माझं चालायचं.

एका संध्याकाळी वहिनींनी काही वेगळंच केलं. दोन बोटं स्वतःच्या पापण्यांवर ठेवली, काहीतरी उचलावं तशी उचलली आणि ओंजळ करून त्यांच्याकडे धरली. मी जसं दिसलं तसं सांगितलं.

वामनराव म्हणाले, "हे समजलं मला, भाऊ. आता तुम्ही जा."

मी वळलो, पण पाय निघेना. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि सावकाश उत्तर द्यायला लागले. वहिनी दारात बसल्या होत्या, आणि हे बोलत होते रिकाम्या खिडकीशी. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर वहिनी दारातून उठल्या आणि आतल्या आत खिडकीच्या गजांमागे, बरोबर त्यांच्या हातांसमोर, जाऊन उभ्या राहिल्या.