वर्षश्राद्धाच्या आत राक्षस मारणे

एक जपानी गेम संपवायला मला एकवीस दिवस पुरेत, असं मी आळंदीच्या घाटावर चाळीस माणसांसमोर जाहीर केलं. चाकणच्या कंपनीत एकतीस वर्षं प्रेस शॉप सांभाळलंय मी! पत्र्याला आकार देणारं पाचशे टनांचं प्रेस ज्याचं ऐकतं, त्याचं ते मुठीएवढं बटनांचं खेळणं ऐकणार नाही?

नाही ऐकलं!

झालं असं. माझी बायको विजयश्री तापाचं निमित्त होऊन आठ दिवसांत गेली. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. शेजारच्या पिंडांवर पंगती उठत होत्या. आमच्या वाट्याला आलेला एकच कावळा कठड्यावर बसून मान वाकडी करून बघत होता, कंपनीच्या गेटवरच्या सिक्युरिटीसारखा. माणसाची इच्छा राहिली की असं होतं म्हणतात. मग सगळ्यांनी शब्द द्यायला सुरुवात केली.

"विजू, आईला मी सांभाळतो," तिचे थोरले भाऊ उद्धवराव म्हणाले. कावळा ढिम्म!

"मम्मी, मी दर आठवड्याला पप्पांकडे येईन," माझी मुलगी सायली म्हणाली. कावळ्यानं चोचीनं पंख साफ केला.

"वहिनी, सोसायटीच्या टँकरचं आम्ही बघतो," सेक्रेटरी म्हणाले. कावळ्यानं चक्क पाठ फिरवली. त्यालाही ते खरं वाटलं नसावं.

ऊन चढलं. लोक घड्याळं बघायला लागले. मला काहीच सुचेना, म्हणून तोंडाला आलं ते बोललो, "विजू, टीव्हीवरचा तुझा तो गेम अर्धा राहिलाय ना? तो मी संपवतो!"

कावळा आला, चोच मारली आणि उडून गेला.

उद्धवरावांनी विचारलं, "दाजी, कसला गेम?"

"आहे एक जपानी. एकवीस दिवसांत उडवतो!"

"एकवीस ऱ्हाऊ द्या. वर्षश्राद्धाच्या आत करा. पण करा! शब्द दिलाय तुमी."

गेमचं ते यंत्र मूळचं सायलीचं. लग्न करून गेली तेव्हा इथंच राहिलं. दुपारची कामं आटोपली की विजू त्यावर खेळत बसायची. मी हसायचो. ती म्हणायची, "हसू नका, ती माणसं चांगली आहेत." ती माणसं म्हणजे गेममधली चौघं. मी कधी लक्ष दिलं नाही. आता द्यावं लागलं. सायलीनं विजूचा खेळ जिथं थांबला होता ती फाइल उघडून दिली आणि म्हणाली, "पप्पा, मम्मीचे एकसष्ट तास झालेत. अजून ऐंशी राहिलेत."

"ऐंशी मिनिटं?"

"तास, पप्पा!"

मी ते ऐंशी तास काढले आहेत, म्हणून आता अधिकारानं बोलतो. असला बिनडोक प्रकार मी आयुष्यात पाहिला नाही!

जग तीन दिवसांत बुडणार, हे पहिल्यापासून सगळ्यांना ठाऊक. घाई एकालाही नाही. आमच्याकडे दहा मिनिटं लाइन थांबली तर सहा साहेबांचे फोन येतात. इथं जग बुडतंय आणि हे चौघं आठवडी बाजारात टोप्या घालून बघतायत! जग वाचवायचं काम कुणाकडे? सोळा वर्षांच्या पोराकडे! मोठी माणसं काय करतात? भाषणं! त्या पोराची तलवार दारापेक्षा लांब, आणि तरी तो दारातून आत जातो. कुणाच्याही घरात शिरतो, माठात हात घालतो, सापडेल ते खिशात टाकतो. घरमालक काय म्हणतो? "आज हवा छान आहे." आमच्या पुनावळ्यात असं करून बघा म्हणावं!

लढाई म्हणाल तर ती रांगेत. एकानं पुढं जाऊन मारायचं, जागेवर परत यायचं आणि समोरचा मारेपर्यंत शिस्तीत उभं राहायचं. राक्षसही थांबतो बिचारा. अंगावर यायचं सोडून नंबर येण्याची वाट बघतो, पोस्टात आल्यासारखा!

आणि बोलणं! हात दुखेपर्यंत बटन दाबलं तरी मैत्रीवरचं बोलणं संपत नाही. मध्येच एक जण नुसती तीन टिंबं बोलतो. दुसरा उत्तरादाखल तीन टिंबं. तिसरीची पण टिंबं! चाळीस मिनिटं मी टिंबं पुढं ढकलत होतो.

विजूनं त्या चौघांना आपल्या मनानं नावं दिली होती. औषध देणारी बाई म्हणजे ती स्वतः. ढाल घेतलेला जाडा गडी होता, त्याचं नाव अर्जुन. अर्जुनराव म्हणजे मी. हा गडी प्रत्येक लढाईत पहिल्याच फटक्याला आडवा! मग ती बाई आपलं काम सोडून त्याला उठवणार. एकशे एक्केचाळीस तासांत तिनं त्याला किती वेळा उठवलं असेल, देव जाणे.

तर एका रविवारी मी वैतागून तो गेम काढला आणि सायलीचाच जुना मारामारीचा लावला. तोही जपानीच, आणि त्याबद्दलही माझं मत काही बरं नाही. ठोसा मारायच्या आधी ठोशाचं नाव ओरडून सांगायचं, ही कुठली रीत? तालमीत असा डाव आधी सांगितला तर वस्ताद तुम्हालाच धोपटतील! पंचेचाळीस किलोची मुलगी दीडशे किलोच्या पैलवानाला डोक्यावरून फेकते आणि तिच्या केसातली रिबीन हलत नाही. पण तिथं दोन मिनिटांत निकाल लागतो, एवढंच त्याचं पुण्य.

मी पैलवान पाडला आणि नेमके उद्धवराव दारात!

"पडला की वो! दाजी, सपला न्हवं का?"

"अहो, हा तो नाही..."

पण त्यांनी टीव्हीचा फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. 'विजूची इच्छा पूर्ण.' पाच मिनिटांत बासष्ट जणांनी हात जोडले. आळंदीच्या मावशींनी पेढ्यांचा पुडा पाठवला. मी ग्रुपवर लिहिलं, 'हा वेगळा गेम आहे. तो अजून राहिला आहे.' लगेच उद्धवरावांचा फोन!

"दाजी, मेलेल्या माणसाची थट्टा करता व्हय? पेढं खाल्लं लोकांनी!"

तेव्हापासून ते दर रविवारी देखरेखीला यायला लागले. चहाचा कप घेऊन सोफ्यावर बसायचे, ऑडिटरसारखे.

"ही पोरं काय करत्यात?"

"मासे धरतायत."

"जग बुडतंय म्हनलात की!"

"हो. पण तो म्हातारा पंधरा मासे घेतल्याशिवाय होडी देत नाही."

"म्हाताऱ्याला माझ्याकडं पाठवा. जेसीबी लावतो त्याच्या होडीला!"

अशानं वर्ष सरलं. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी शेवटच्या राक्षसाच्या दाराशी पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सुरू केलं तर साडेनऊला मोकळा, असा माझा हिशोब. गुरुजी अकराला येणार होते.

साडेनऊला राक्षस मेला. मी उठून हात धुतले. मागे वळून बघतो तर हा पंख फुटून पुन्हा उभा! दहा वाजता पुन्हा मेला. या वेळी सहा हात! आणि मध्येच थांबून आपलं बालपण सांगायला लागला. मध्ये बंद करायची सोय नाही. बंद केलं तर सगळं पहिल्यापासून.

अकरा वाजले. गुरुजी आले. भावकी आली. आचाऱ्यानं वड्यांसाठी तेल तापवून ठेवलं. उद्धवरावांनी सगळ्यांना बजावलं, "गेम झाल्याबगर विधी न्हाई!" गुरुजी म्हणाले, "यजमान, लवकर उरका, मला अजून दोन घरं आहेत," आणि तेही खुर्ची ओढून बसले. माझ्या हॉलमध्ये तीस माणसं, एक राक्षस आणि भिंतीवर विजूचा हार घातलेला फोटो.

बाराला दहा कमी असताना राक्षसाचा जीव नखाएवढा उरला. एक वार, की खलास!

मी 'बचाव' निवडला.

"दाजी, बचाव कशाला? त्यो टेकलाय की!"

मी पुन्हा बचाव निवडला.

"पप्पा, मारा ना! काय करताय?"

पुन्हा बचाव.

आता खरं ते सांगतो. मला मारता येत होतं. पण विजू कामं अर्धी ठेवणारी बाई नव्हती. जाण्याआधी पापडांचे डबे भरून गेली होती, सायलीच्या बाळाचं विणायला घेतलेलं टोपडं पुरं करून गेली होती. तिचं अर्धं राहिलेलं असं घरात एवढंच होतं. ते मी माझ्या हातानं कसं संपवू? मी आयुष्यभर बचावच करत बसलो असतो!

तेवढ्यात सासूबाई, आक्काबाई, सोफ्यावरून उठल्या. वय ब्याऐंशी. दोन्ही गुडघे गेलेले. माझ्याजवळ येऊन बसल्या.

"जावईबापू, ह्यो एका घावाचा राक्षस हाय ना?"

"हो, आक्का."

"मंग माझ्या लेकीला कशापाई अडकवून ठिवलंया?"

त्यांनी माझ्या हातातलं खेळणं काढून घेतलं. "कंचं बटान?"

मी बोटानं दाखवलं. आक्काबाईंनी डोळे मिटले आणि ते अंगठ्यानं असं दाबलं, जसं काही ढेकूण चिरडतायत!

राक्षस मेला. तीन वेळा जन्म घेतलेला, वर्षभर माझं रक्त प्यायलेला राक्षस म्हातारीच्या एका अंगठ्यात!

हॉलमध्ये टाळ्या! सायली रडायला लागली. गुरुजी लगबगीनं उठले, तोच पडद्यावर खालून वर नावं सरकायला लागली. गेम बनवणाऱ्या जपान्यांची. उद्धवराव ओरडले, "थांबा! नावं चालू हायत! सपल्याबगर कुनी हलायचं न्हाई!" आणि तीसच्या तीस माणसं हात जोडून उभी राहिली. बावीस मिनिटं! रंगवणारे, आवाज देणारे, हिशोब बघणारे, त्यांना डबे पुरवणारे, एकूण एक जपानी माणसाला माझ्या भावकीनं त्या दिवशी नमस्कार केला. वडे काळे झाले.

संध्याकाळी सगळे गेले. ते यंत्र आता कायमचं गुंडाळून ठेवावं म्हणून मी एकदा शेवटचं सुरू केलं. विजूची फाइल तिथंच होती. उघडली. तिची चौघं राक्षसाच्या दाराशी उभी, आणि राक्षस आत जिवंत!

सायलीला फोन केला. ती म्हणाली, "पप्पा, या गेममध्ये तसंच असतं. शेवट झाला की फाइल दाराच्या अलीकडे येऊन थांबते. तो कायमचा मरत नाही."

म्हणजे वर्षभराची मेहनत आणि काम आहे तिथंच! आमच्या कंपनीत असं मशीन कुणी पाठवलं असतं तर आल्या पावली परत धाडलं असतं. असो. मी ते गुंडाळून ठेवलेलं नाही. रोज पहिली शिफ्ट करून आलो की सुरू करतो, दाराशी जातो, चौघं बरी आहेत ना बघतो आणि बंद करतो.

उद्धवरावांना मात्र यातलं काही सांगू नका. पुढच्या वर्षी पुन्हा आचारी सांगतील!