अमरावतीचा अरबी समुद्र

समुद्राविषयी निर्भेळ ज्ञान हवे असेल, तर माणसाने समुद्रापासून दूर राहावे. किनाऱ्यावरच्या माणसाला लाटा आणि मासे यांतून विचाराला सवडच मिळत नाही. वऱ्हाडात ही अडचण नव्हती. म्हणून मध्यप्रांत-वऱ्हाडचे पहिले सागरी इतिहास संग्रहालय अमरावतीत निघाले, हे योग्यच झाले. (चुका काढायला एखादा कोळी बडनेऱ्याला उतरेल, अशी भीती नव्हती.)

संग्रहालयात पाहण्यासारखे पुष्कळ होते. एक नांगर होता, तो जहाजाचाच होता, पण खेड्यातले पाहुणे "याचा फाळ कुठी गेला?" असे विचारून आपले अज्ञान उघडे करीत. एक गलबत होते. ते वलगावच्या सुताराने ऐकीव वर्णनावरून केले असल्याने त्याला पुढे जू बांधायची सोय होती. आणि काचेच्या मोठ्या बरणीत अरबी समुद्र होता.

एप्रिलातल्या एका दुपारी अकोल्याचे वकील चिंतामणराव आपल्या कुंदा आणि शैला या मुलींना घेऊन तिथे आले. चिंतामणरावांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. त्यामुळे ते त्यावर अधिकाराने बोलू शकत. दारावरचा शिपाई शेषराव याने त्यांच्या हातातला पाण्याचा तांब्या काढून घेतला.

"पानी आत न्याले मनाई हाये, साहेब. जहाजाले ओल लागते."

वकीलसाहेब गलबतापाशी उभे राहून मुलींना वाऱ्याच्या दिशा समजावू लागले. धाकटी शैला म्हणाली, "बाबा, तहान लागली." पण ते तेव्हा नैऋत्येला होते. थोड्या वेळाने त्यांनी वळून पाहिले, तर शैला बरणीचे झाकण काढून ओंजळीने अरबी समुद्र पीत होती.

व्यवस्थापक वामनराव धावत आले. "थुंक पोरी, थुंक! खारट आहे ते!"

"नाही," शैला तोंड पुसत म्हणाली. "गोड आहे. आपल्या विहिरीसारखं."

शेषराव छताकडे पाहू लागला. (उन्हाळ्यात समुद्र आटतो. तो पुन्हा कसा भरतो, याची चौकशी सभ्य लोक करीत नाहीत.)

"वकीलसाहेब," वामनराव गंभीरपणे म्हणाले, "एक तर संग्रहालय खोटं, नाही तर मुलगी."

भोवती माणसे जमली: एक हेडमास्तर, एक पेन्शनर तहसीलदार, दोन व्यापारी. चिंतामणरावांनी बोट बुडवून चाखले. पाणी गोड होते. कोर्टात भल्याभल्या साक्षीदारांना खरे बोलायला लावणाऱ्या या गृहस्थांनी चिंच चावल्यासारखे तोंड केले आणि निकाल दिला, "खारट! फारच खारट!"

मग हेडमास्तरांनी ओंजळ भरली, तहसीलदारांनी भरली. सर्वांना पाणी खारट लागले. ऊन कडक असल्याने खात्रीसाठी बहुतेकांनी ते पुन्हा एकदा चाखले. बरणी निम्म्यावर आली.

"शैले, आता नीट सांग," चिंतामणराव म्हणाले. "कसं होतं पाणी?"

कुंदा तिच्या कानाशी लागली. "खारट म्हण ना. मग घरी जाता येईल."

"मी काहून खोटं बोलू?"

वडिलांनी तिचे मनगट धरले. जरा घट्टच धरले असावे. शैलाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. सगळे मोठे होते, आणि सगळे वाट पाहत होते.

"खारट," ती म्हणाली, आणि रडू लागली. (त्या दिवशी संग्रहालयात खारट म्हणण्याजोगे पाणी काय ते एवढेच.)

"पोर हुशार आहे हो," हेडमास्तर म्हणाले. "समजावलं की समजतं." वामनरावांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मुलांना अशा ठिकाणी न्यावे ते यासाठीच. घरी बसून हे शिक्षण व्हायला बरीच वर्षे लागतात.

आपण तिथे असता तर मुलीची बाजू घेतली असती, याविषयी मला शंका नाही. ही हकिकत मी ज्यांना ज्यांना सांगितली, त्या सर्वांनीच ती घेतली असती. त्या दुपारी बरणीभोवती उभी राहायला दुसरी माणसे कुठून आली होती, एवढेच मला अजून कळलेले नाही.