भरीव की पोकळ

वानखडेकाका पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा नमस्काराच्या आधी त्यांनी आमची भिंत ठोकली. बी.ए.ची पदवी मी नुकतीच काचेच्या चौकटीत घालून टांगली होती. काकांनी लोखंडी टोकाची काठी उचलली, चौकटीशेजारी दोनदा टकटक केलं आणि म्हणाले, "भित पोकळ हाय. खिळा निंघन."

आमच्या गावातून बी.ए. झालेला मी पहिला. परीक्षेला निघालो तेव्हा मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीत बसवून द्यायला अर्धं गाव आलं होतं. तेव्हा त्या पदवीबद्दल पहिल्याच भेटीत असलं काही ऐकून मला रागच आला. आठ दिवसांत खिळा निघाला, ही गोष्ट वेगळी.

काका शेजारीच राहत, आणि मी नोकरीला लागलो त्याच रस्ते-बांधकामाच्या कचेरीत ओव्हरसियर होते. अमरावतीत कापसाच्या बाजाराकडे जाणारा सिमेंटचा रस्ता त्यांच्याकडे होता. 'त्यांच्याकडे होता' म्हणजे कागदोपत्री. काकांच्या मते ते त्या रस्त्याकडे होते. सिमेंटचा रस्ता अखंड नसतो, मोठमोठे चौकोन एकाला एक लावलेले असतात आणि मधल्या सांध्यात डांबर भरलेलं असतं. हे डांबर उन्हाळ्यात वितळतं, हिवाळ्यात आकसतं. मग सांध्यातून पाणी खाली जातं, खालची माती वाहून जाते आणि वरून ठणठणीत दिसणारा चौकोन आतून पोकळ होतो. एखाद्या दिवशी सरकीच्या पोत्यांनी भरलेली बैलबंडी त्यावरून जाते आणि कोपरा कडकन मोडतो. काकांचं सारं आयुष्य हा कोपरा मोडू न देण्यात चाललं होतं. सकाळी काठीनं चौकोन ठोकायचा आणि आवाज ऐकायचा. भरीव असला तर पुढे. पोकळ असला तर त्याला भोक पाडून आत सिमेंटची पातळ राबडी ओतायची. काका याला 'कढी पाजणं' म्हणत. कढी पाजून बरा होणारा चौकोन कोणी उगाच फोडून काढला, तर काका त्या दिवशी जेवत नसत.

ठोकायची सवय मग रस्त्यापुरती राहिली नाही. वास्तुशांतीला गेले की यजमानाची फरशी ठोकत. एकदा माझ्यासाठी मुलगी पाहायला बाळापूरला सोबत आले, तेव्हा पोहे येण्याआधीच त्यांनी मुलीच्या वडिलांच्या ओट्याचा निकाल लावला. ते लग्न जमलं नाही. "बरं झालं," काका परतताना म्हणाले, "त्यायच्या घरात एक कोपरा भरीव नोता." माणसांनाही हीच दोन विशेषणं. कचेरीत साहेब तीन बदलले, तिन्ही पोकळ. मी काय आहे ते मी कधी विचारलं नाही.

पुढे पुढे काका जरा तुटक वागायला लागले. काही विचारलं तर भलतंच उत्तर देत, किंवा देतच नसत. मला त्यात नवल वाटलं नाही. वरच्या माणसाला खालच्या माणसाचं ऐकू येत नाही, हा तर कचेरीचा नियमच. गल्लीला मात्र दुसराच विषय मिळाला होता. काका आता रोज पहाटे काकूंना घेऊन फिरायला जाऊ लागले होते. पन्नाशी उलटलेलं जोडपं उघड्या रस्त्यानं सोबत चाललंय, आणि काकू मधूनच काकांच्या कोपराला हात लावतात, हे ज्यांनी पाहिलं त्यांनी न पाहिलेल्यांना नळावर सांगितलं. "सुनेनं जोडीनं जावं तं सासू जाऊन राहिली," असं एकीनं काकूंना ऐकवलं. काकू घागर भरून निघून आल्या.

एके दिवशी माझ्या सायकलची साखळी त्याच रस्त्यावर पडली, म्हणून मी तिथं खाली बसलो होतो. काका पुढे, काकू दोन पावलं मागे. काका ठोकायचे आणि थांबायचे. काकू गप्प राहिल्या तर पुढे जायचे, आणि काकूंनी कोपराला हात लावला तर चौकोनावर गेरूची फुली मारायचे. साखळी बसवायचं विसरून मी पाहत राहिलो. रस्ता काकू ऐकत होत्या. काकांना ऐकू येत नव्हतं.

काकूंनी मला पाहिलं होतं. दुपारी त्या मागच्या दारानं आमच्याकडे आल्या. माझ्याशी त्या कधी चार शब्दांवर बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "भाऊ, कचेरीत बोलू नका. रस्ता काढून घेतला तं हे घरात बसून काय ठोकतीन?"

मी बोललो नाही. पण कापसाचा हंगाम सुरू झाला आणि नागपूरहून मोठे साहेब रस्ता पाहायला आले. कोणते चौकोन फोडून नवे घालायचे आणि कोणत्यांना नुसती कढी पाजायची, हे काकांनी ठोकून सांगायचं होतं. साहेबांच्या समोर, भर बाजारात. तिथं बायकोला कोपराला हात लावायला सांगता येत नव्हतं.

मी, बी.ए. झालेला माणूस, गेरूचा डबा घेऊन मागे मागे. काकांनी पहिला चौकोन ठोकला आणि रस्त्याच्या कडेला पाहिलं. मीही पाहिलं. काकू रिकामी पिशवी घेऊन मेथीच्या जुडीचा भाव करत होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "पोकळ," काका म्हणाले. पुढच्या चौकोनाला काकू स्थिर उभ्या राहिल्या. "भरीव." साहेबांनी एक-दोन ठिकाणी स्वतः पहार आपटून पाहिली आणि मान हलवली. आम्ही पुढे सरकलो की काकूही पुढच्या भाजीवालीकडे सरकायच्या. तोवर बाजारात इतका भाव करून काहीच न घेतलेली बाई ती एकटीच असेल.

कापसाच्या जिनिंग कारखान्याजवळ आलो आणि तिकडून बंड्यांची रांगच्या रांग आली. चाकांच्या लोखंडी धावांचा खडखडाट, बैलांच्या घुंगरमाळा, त्यात जिनिंगचा भोंगा. काकांनी ठोकलं. काकू स्थिर उभ्या. "भरीव हाय," काका म्हणाले, आणि साहेब पुढे निघाले.

"अवो, थांबा."

हा आवाज कोणाचा ते मला आधी कळलं नाही. बंड्यांच्या वर चढलेला, शेतातून दुसऱ्या शेतात हाक मारावी तसा. काकू सगळ्या माणसांना बाजूला सारून रस्त्याच्या मधोमध आल्या होत्या.

"पुन्हा ठोका. मले आयकू नाई आलं."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पुन्हा ठोकलं. काकू खाली मान घालून हळूच काही बोलल्या. काकांना अर्थातच ते कळलं नाही, म्हणून त्यांना पुन्हा ओरडावं लागलं. "पोकळ हाय. कोपऱ्यापासून पोकळ हाय."

साहेबांनी एकदा काकांकडे आणि एकदा काकूंकडे पाहिलं. मी गेरूच्या डब्यात पाहत होतो. साहेबांना काय समजायचं ते समजलं. काकूंना बरोबर घेऊनच त्यांनी रस्त्याच्या टोकापर्यंतचे चौकोन तपासले. शेवटी काकांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, की उद्यापासून तुम्ही सिमेंटच्या गोदामावर बसा, रस्ता दुसऱ्याकडे देतो. काकांनी हात जोडले.

संध्याकाळी काकूंचा तोच मोठा आवाज त्यांच्या घरातून येऊ लागला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, थांबेना. भर बाजारात अब्रू गेली, रस्ता गेला, आता दोघांचं जुंपलं, असं समजून मी मध्ये पडायला गेलो. दारात आणखी दोघं-तिघं त्याच सद्भावनेनं उभे होते.

आत काकू बाजारातून अखेर घेतलेली मेथी निवडत होत्या. अकोल्याला बहिणीच्या मुलीच्या लग्नात विहीण कशी रुसली आणि तिला कोणी कसं मनवलं, हे त्या गल्लीभर ऐकू जाईल असं सांगत होत्या. काका समोर मांडी घालून बसले होते.

मी चाचरत म्हणालो, की काकू, जरा हळू, लोक दारात जमले आहेत.

"जमू द्या," काकू म्हणाल्या. "नवऱ्यावर वरडनारी बाई म्हनतीन, म्हनून इतके दिवस हळू बोलली. ह्यायले एक शबूद पोचत नोता. आता बाजारानंच आयकलं, आता कोनाची लाज?"

काकांनी मला हातानं खाली बसवलं.

"बसा भाऊ, मंधात बोलू नका," ते म्हणाले. "पोरगी दोन लेकरायची माय झाली, अन् तिच्या लग्नात काय झालं ते मले आज आयकू येऊन राहिलं."