सरळ शेंडीची कोयरी

इस्त्रीचं टेबल कपाटामागून ओढून काढायचं, की पँट गालिच्यावरच अंथरून दोन हात फिरवायचे? जावईबापूंनी दुसरा मार्ग पत्करला. (घरात स्वतःच्या मनाने घेतलेला त्यांचा हा बहुधा पहिलाच निर्णय.) तेवढ्यात साहेबांचा फोन आला. साहेबांशी बोलताना उभं राहायची त्यांना सवय, त्यामुळे इस्त्री कुठे टेकवली याचं भान करपल्याचा वास आल्यावरच आलं.

गालिचा सासूबाईंचा होता. सासरेबुवांनी हौसेने आणलेला, ते गेल्यावर सासूबाईंनी लेकीला दिलेला. देताना त्या नुसतं 'जपा हो' म्हणाल्या होत्या, पण बघत होत्या जावयाकडे. तेव्हापासून त्यांच्या नजरेत आपण भरवशाचे ठरावं, एवढीच जावईबापूंची इच्छा होती.

गालिचाभर तपकिरी कोयऱ्या होत्या, निळ्या काठाच्या, सगळ्यांच्या शेंड्या डावीकडे कललेल्या. डागाकडे बघता बघता जावईबापूंना साक्षात्कार झाला: इस्त्रीचा तळ म्हणजे तरी काय, कोयरीच की. शेंडी तेवढी सरळ. त्यांनी ऑफिसच्या पेनाने भोवती निळा काठ काढला.

संध्याकाळी बायकोने विचारलंच. विणकर एक कोयरी मुद्दाम वेगळी विणतो, ती त्याची सही असते, असं त्यांनी ठोकून दिलं. मग इतके दिवस कशी दिसली नाही? तर म्हणे, त्याला नजर तयार व्हावी लागते. बायको फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. पुढे कोणी आलं, की ती स्वतःच म्हणायची, 'अहो, ती विणकराची गोष्ट सांगा ना.' दर खेपेला विणकर म्हातारा होत गेला; चौथ्या पाहुण्यांपर्यंत त्याची दृष्टीही गेली.

मग एका रविवारी सासूबाई आल्या. जावईबापूंनी गोष्ट सुरू केली. सासूबाई खाली बसल्या, कोयरीवरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाल्या, "खिडकीपाशी एक आहे बघा, बिनशेंडीची. ती माझी."

जावईबापू वाकून बघू लागले. खरंच होती, लोकरीने नीट भरून काढलेली.

"ह्यांना सांगितलं, विणकराची चूक आहे. ह्यांनी जन्मभर कौतुकाने लोकांना दाखवली."

"त्यांना कधी कळलं नाही?"

"कोणी असं वाकून बघायला लागलं, की 'चला, चहा घेऊ' म्हणून ते लगेच उठवायचे. मला बाई पाहुणचार वाटायचा."

सासऱ्यांशी आपलं इतकं जवळचं नातं आहे, हे जावईबापूंना आजच कळत होतं. स्वयंपाकघराकडे बघत ते पुटपुटले, "हिला मात्र सांगू नका."

"मी कशाला सांगू?" सासूबाईंनी डोळे पुसले. "तिनेच मला त्या दिवशी फोन केला. म्हणाली, आई, एकदा येऊन ऐकच, पण गोष्ट पुरी होईस्तोवर हसू नकोस. आणि मीच मेली मध्ये बोलले. सांगा आता, पुढे काय झालं त्या विणकराचं?"