टॅडलॉकाचे बुडाखालील टोप सर जाहला, त्याची हकीकत

हुजुरांची आज्ञा जाहली की, इंग्लंडांत नॉरफोक प्रांती अमेरिकन विमानतळावर लोखंडी टोपाचे जे रण माजले ते यथास्थित लिहावे. तरी आम्ही, ज्या विमानात हे घडले त्याचे इंजिन पुसणारे, डोळां देखिले तैसे लिहितो.

सन एकोणीसशे चव्वेचाळीस, मार्चमास. आमचे विमानातून जर्मन मुलखावर स्वारीस जाणाऱ्या दहा असामींस सरकारांतून टोप बहाल जाहले. परंतु बिनतारी यंत्रावरील सरदार ऑर्व्हिल टॅडलॉक, राहणार नेब्रास्का, यांचे कानी हेडफोन; त्यावर टोप बसेना. मग सरदारांनी मसलत करून टोप बुडाखाली घातला आणि त्यावरच ठाण मांडिले. कप्तानांचे फर्मान सुटले की, टोप मस्तकीच धारण करावा.

"साहेब, गोळे खालून येतात!" टॅडलॉक उत्तरले. "आणि आमच्या बायकोला, व्हर्नाला, सहा पोरं हवीत. डोक्यानं होतात का पोरं?"

दरबार खदखदा हसला. मिस्त्रीमंडळाचे सरनौबत लेम्युएल प्रुइट तेवढे हसले नाहीत. कारण याच खुर्चीवरील आधीचे सरदार डोके फुटून परतले होते, आणि ती खुर्ची प्रुइटांनी स्वहस्ते धुतली होती.

मग स्वारीचे सकाळी प्रुइटांनी गावातील थर्कटलबाईंकडून खरी अंडी पैदा केली, पुडीतल्या भुकटीची नव्हेत, आणि तळून, विमानाबाहेर टोपावर बसलेल्या टॅडलॉकांपुढे दूर धरिली. वासासरशी सरदार टोपावरून उठले, आणि प्रुइटांनी झडप घालून टोप काबीज केला, आणि जीपचे मागील, गाडा ओढावयाचे आकड्यावर उपडा घालून हातोड्याने कानांपुरते दोन फुगवटे काढिले.

"अरे मेल्या, माझा टोप!"

"गप अंडी खा. गार होतील."

विमान रवाना जाहले. प्रुइट दुपारपर्यंत आकाशाकडे पाहात उभे, जेवले नाहीत. अखेर विमान उतरले आणि टॅडलॉक चालत बाहेर आले. टोपास डाव्या कानावर मुठीएवढा पोचा, मस्तक शाबूत.

"कान झकास ठोकलेस रे," टॅडलॉक म्हणाले. मग खाकरून वदले, "पण बुडाचं काय?"

प्रुइटांनी आपल्या टोपातील नट-बोल्ट गवतात ओतले आणि टोप त्यांचे हाती दिधला.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. एक टोप वर, एक खाली, मध्ये टॅडलॉक सलामत. नट-बोल्ट आम्ही अद्यापि गवतात हुडकितो आहो.